खेळांतील लोहमार्गाची आंखणी

प्रतिकृतींची आगगाडी चालविण्याचा छंद महाग आहे. वळणाचे दोन तुकडे अधिक घेतले तर पैसा व्यर्थ जातो. एक कमी पडला तर गाडी अडून राहते. म्हणून रूळ विकत घेण्यापूर्वीं मार्गाची आंखणी संगणकावर करून पाहावी. एक्सट्रॅककॅड ही आज्ञावली या कामासाठीं विनामूल्य मिळते. एनीरेलची विनामूल्य आवृत्ति पन्नास तुकड्यांपर्यंतच चालते. परंतु नवशिक्यास तेवढे पुष्कळ.

बहुतेक नवशिके आरंभींच पडद्यावर रूळ टाकूं लागतात. खरें पाहतां प्रथम फळीचें माप भरावें. प्लायवुडची आठ फूट बाय चार फूट फळी सुमारें २४४० बाय १२२० मिलिमीटर भरते. नंतर रुळांची जात निवडावी. इंग्लंडांत प्रचलित असलेली 'ओओ' गाडी खऱ्या गाडीच्या ७६ व्या हिश्शाएवढी असून तिच्या दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असतें. हॉर्नबीच्या संचांतील वळणें ३७१, ४३८, ५०५ व ५७१.५ मिलिमीटर अशा चार त्रिज्यांचीं असतात. चौथ्याचा व्यास ११४३ मिलिमीटर. म्हणजे तें वरील फळीवर बसतें खरें, परंतु कडेस चार सेंटिमीटरहि जागा उरत नाहीं, आणि डबा घसरला कीं थेट जमिनीवर! तिसरें वळण घेतल्यास दोन्ही बाजूंस सुमारें दहा-दहा सेंटिमीटर राहतात.

साडेबावीस अंशांचे सोळा तुकडे मिळून ३६० अंश होतात, हें तुम्ही भूमितींत शिकलांच आहां. एका बाजूस १६८ मिलिमीटरांचा सरळ तुकडा घातला कीं समोरहि तेवढाच घालावा लागतो. एरव्हीं टोकें जुळत नाहींत. मध्यें सांधा, म्हणजे गाडीस दुसऱ्या रुळावर नेणारा तुकडा, आला कीं हा हिशेब बिघडतो, आणि येथेंच खरी परीक्षा होते. पडद्यावर टोकें चिकटलेलीं दिसतात. चित्र मोठें करून पाहावें तों मध्यें फट! अशा वेळीं शेवटचा तुकडा ओढूनताणून बसवूं नये. मागें जाऊन चूक कोठें झाली तें शोधावें, किंवा तेथें लवचीक रूळ योजावा. तो हवा तसा वाकवितां व कापतां येतो.

एका मार्गावरून दुसरा पुलानें न्यावयाचा तर सुमारें ७५ मिलिमीटर उंची लागते. तिसास एक असा बराच तीव्र चढ धरला तरी त्यास २२५० मिलिमीटर लांबी हवी, आणि उतरण्यास पुन्हां तितकीच. मुलांचे पहिले आराखडे बहुधा येथेंच कोसळतात. पूल तीन वितींत चढलेला असतो.

आणखी एक धोका आज्ञावली आपण होऊन दाखवीलच असें नाहीं. गाडी उलट तोंडानें त्याच मार्गावर परत येईल असा फांसा घातला तर डावा रूळ उजव्यास मिळतो. आणि दोन्ही रुळांतून वीज खेळत असल्यामुळें 'शॉर्ट' होतें. फांशाचा एक भाग दोन्ही टोकांस प्लॅस्टिकच्या जोडांनीं अलग करून त्यास वीज निराळी द्यावी लागते.

आराखडा पुरा झाला म्हणजे तो पूर्ण आकारांत छापावा, पानें चिकटवून फळीवर पसरावीं व त्यांवर एखादा डबा हातानें फिरवून पाहावा. तुकड्यांची यादीहि आज्ञावली काढून देते. ती वडिलांच्या हातीं द्यावयाची ती यानंतर.