मनगटातील बोगदा (लेखांक ४): हात झटकण्यापासून निदानापर्यंत

मीडियन हा मज्जातंतू मनगटातील ज्या अरुंद बोगद्यातून तळहातात उतरतो, त्याच्या तळाला व बाजूंना मनगटाची लहान हाडे, वरच्या अंगाला न ताणला जाणारा आडवा अस्थिबंध आणि आत मज्जातंतूच्या सोबतीला बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा असतात, हे मागील लेखांकात पाहिले. या जागेतील दाब वाढला की मज्जातंतूचा रक्तपुरवठा आणि संदेशवहन बिघडते व कार्पल टनेल सिंड्रोम हा विकार उद्भवतो. हा दाब तपासणीच्या खोलीत थेट मोजता येत नसल्यामुळे तेथे जे काही केले जाते ते सारे अप्रत्यक्ष असते. काही चाचण्यांत आधीच त्रासलेल्या मज्जातंतूला मुद्दाम डिवचून तो कुरकुरतो का ते पाहिले जाते, तर काहींत त्याने आजवर काय गमावले, म्हणजे स्पर्शज्ञान आणि स्नायूंचे बळ किती उणावले, ते अजमावले जाते. हा भेद नजरेआड झाला तर एकाच हातावरील दोन चाचण्यांची उत्तरे परस्परविरोधी वाटू लागतात.

डिवचणाऱ्या चाचण्यांत सर्वाधिक परिचित ती फेलन चाचणी. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमधील शल्यचिकित्सक जॉर्ज फेलन यांनी या विकाराकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले आणि १९६६ मध्ये सतरा वर्षांच्या अनुभवातील ६५४ हातांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत रुग्ण कोपरे टेबलावर टेकवून हात उभे धरतो आणि मनगटे स्वतःच्या वजनाने पुढे लोंबू देतो. मिनिटभरात अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा अंगठ्याकडील अर्धा भाग यांत मुंग्या आल्या वा बधिरपणा वाढला, तर चाचणी सकारात्मक मानतात. असे का घडावे, याचे उत्तर १९८१ मध्ये गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोगद्यात बारीक नळी घालून केलेल्या मोजमापांत सापडते. मनगट सरळ असताना निरोगी हातांत सरासरी दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या २.५ मिलिमीटर, तर रुग्णांच्या हातांत ३२ होता. मनगट पुढे वाकविल्यावर रुग्णांतील दाब ९४ पर्यंत आणि मागे वळविल्यावर ११० पर्यंत चढला. म्हणजे मागे वळलेले मनगटही मज्जातंतूला तितकेच जाचते, आणि म्हणूनच नमस्काराप्रमाणे तळहात जोडून कोपरे बाजूला उचलण्याची उलटी फेलन चाचणीही वापरली जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की निरोगी हातांतही या दोन्ही स्थितींत दाब ३० च्या आसपास जातो, त्यामुळे धडधाकट माणसालाही मिनिटाअखेरीस थोड्या मुंग्या जाणवल्या तर नवल नाही.

टिनेल चाचणीचा इतिहास काहीसा वळणाचा आहे. पहिल्या महायुद्धात जखमी मज्जातंतूंचा अभ्यास करताना फ्रान्सचे ज्यूल टिनेल आणि जर्मनीचे पॉल हॉफमन या परस्परांच्या शत्रुराष्ट्रांतील दोन वैद्यांनी १९१५ या एकाच वर्षी स्वतंत्रपणे असे नोंदविले की तुटलेल्या मज्जातंतूवर हलकेच ठोकले असता पुढच्या भागात मुंग्या उमटतात; त्यांच्या दृष्टीने ते मज्जातंतू पुन्हा वाढू लागल्याचे शुभचिन्ह होते. हीच ठोक पुढे मनगटावर, बोगद्याच्या तोंडाशी, दाबाची खूण म्हणून वापरात आली. मूळ हेतूपासून इतकी दूर गेलेली ही चाचणी पाठ्यपुस्तकांत अढळ असली तरी तिच्यावर एकटीवर विसंबणे योग्य नाही: ठोकण्याचा जोर हातागणिक बदलतो आणि निश्चित विकार असलेल्या अनेक रुग्णांत ती काहीच सांगत नाही.

या उणिवेवर उपाय म्हणून जॉन डर्कन यांनी १९९१ मध्ये सुचविलेली चाचणी अधिक सरळ आहे. बोगद्याच्या बरोबर वर अंगठ्यांनी ३० सेकंद एकसारखा दाब द्यायचा, एवढेच. मनगट वाकवावे लागत नसल्याने संधिवाताने सांधे आखडलेल्या रुग्णांतही ती करता येते. डर्कन यांच्या मूळ अभ्यासात तिची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती जण चाचणीत सापडतात ते प्रमाण, ८७ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे विकार नसलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर वगळते ते प्रमाण, ९० टक्के आढळली. असे आकडे वाचताना थोडी सावधगिरी हवी, कारण ठळक विकार असलेले रुग्ण एका बाजूला आणि कोणतीही तक्रार नसलेले लोक दुसऱ्या बाजूला घेतले की कोणतीही चाचणी हुशार दिसते. दवाखान्यात मात्र समोर येणाऱ्या प्रत्येकाची काही ना काही तक्रार असतेच. स्वीडनमधील १९९९ च्या एका पाहणीत १४.४ टक्के लोकांनी या मज्जातंतूच्या क्षेत्रात वेदना, बधिरपणा किंवा मुंग्या असल्याचे सांगितले, पण शारीरिक तपासणी आणि विद्युत तपासणी या दोन्हींनी विकार निश्चित ठरला तो केवळ २.७ टक्क्यांत.

सर्वांत साधी खूण तर रुग्ण स्वतःच दाखवितो. रात्री हात बधिर होऊन जाग आल्यावर काय करता, असे विचारले असता तो पारा उतरविण्यासाठी थर्मामीटर झटकावा तसा हात झटकून दाखवितो. प्राइस-फिलिप्स यांनी १९८४ मध्ये ही खूण अत्यंत भरवशाची असल्याचे मांडले. नंतरच्या अभ्यासांत तितके यश दिसले नाही, तरी रात्रीच्या त्रासाची चौकशी कोणत्याही ठोकण्या-दाबण्यापेक्षा आधी व्हावी, हे मत टिकून राहिले आहे.

काय गमावले हे पाहणाऱ्या चाचण्यांना तुलनेने कमी प्रसिद्धी लाभली, हे खेदाचे आहे. तर्जनीच्या टोकाला टाचणी हलकेच टोचून तीच टोच करंगळीवर कशी वाटते, हे विचारले जाते. करंगळीला अल्नर हा वेगळा मज्जातंतू जात असल्याने ती त्याच हातावर उपलब्ध असलेले तुलनेचे मोजमाप ठरते. अंगठ्याच्या बुडाच्या उंचवट्यावरील त्वचेचे स्पर्शज्ञान मात्र शाबूत असावे लागते, कारण तिच्याकडे जाणारी शाखा बोगद्याच्या आधीच फुटून वरून जाते. तो भागही बधिर असेल तर दोष मनगटाच्या वर शोधावा लागतो. मग तळहात आकाशाकडे ठेवून अंगठा सरळ वर उचलायला सांगतात आणि त्याला खाली दाबून बळ अजमावतात. २००० मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका चिकित्सक आढाव्यात टोचणीची घटलेली जाणीव, अंगठा उचलण्यातील दुबळेपणा आणि रुग्णाने हाताच्या चित्रावर रंगविलेली बधिरतेची जागा यांना महत्त्व मिळाले. फेलन आणि टिनेल मागे पडल्या.

येथे एक विपरीत गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विकार फार जुना झाला, उंचवट्याचे स्नायू झिजून तेथे खळगा पडला आणि बोटे कायमची बधिर झाली, की डिवचणाऱ्या चाचण्या नकारात्मक येऊ शकतात, कारण कुरकुरण्यास लागणारी संवेदनाच उरलेली नसते. अशा हाताला त्या चाचण्यांच्या बळावर निर्दोष ठरविणे ही गंभीर चूक होईल.

एकेकटी चाचणी अपुरी पडते म्हणून ग्रॅहम यांनी २००६ मध्ये ‘सीटीएस-६’ ही गुणपद्धती मांडली. तीत मीडियनच्या क्षेत्रातील बधिरपणा, रात्रीचा बधिरपणा, उंचवट्याची झीज वा दुर्बलता, फेलन, टिनेल आणि जवळची दोन टोके वेगळी ओळखण्याची क्षमता घटणे, अशा सहा बाबींना कमीअधिक गुण दिले जातात. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने २०२४ च्या मार्गदर्शिकेत नेहमीच्या विद्युत वा सोनोग्राफी तपासणीऐवजी ती वापरता येईल, असे म्हटले आहे.

तथापि या सहा बाबींत मान नाही. मानेतील सहाव्या मज्जामुळावर दाब आला तरी अंगठा आणि तर्जनी बधिर होतात, पण तेव्हा कोपर वाकविण्याचे किंवा मनगट वर उचलण्याचे बळही कमी होऊ शकते आणि मान त्या बाजूला झुकवून वरून दाबली असता कळ हातात उतरते. भारतात आणखी एक शक्यता विसरता येत नाही. कुष्ठरोगातही मीडियन मज्जातंतू बाधित होतो आणि त्याच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून अधिक वेळा, अल्नर मज्जातंतू कोपरामागे जाड व दुखरा होतो. म्हणून बधिर हात तपासताना कोपरामागचा तो मज्जातंतू बोटांनी चाचपून पाहणे आणि अंगावर न खाजणारा, फिकट, स्पर्शहीन चट्टा आहे का याची चौकशी करणे, हे फेलन आणि डर्कन यांच्याइतकेच तपासणीचा भाग मानावे लागते.