शहाबादची फरशी आणि सिमेंटची गोणी

कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद हे नाव मराठी घरांत परिचित आहे, ते त्या गावापेक्षा तेथील फरशीमुळे. तेथला चुनखडीचा दगड थरांवर थर बसून झालेला असल्याने पहारीने सुटतो व त्याच्या सपाट लाद्या निघतात. हाच दगड मातीबरोबर भट्टीत भाजून दळला म्हणजे सिमेंट होते. १९२० नंतरच्या दशकात शहाबादेस सिमेंटचा कारखाना उभा राहिला आणि १९३६ मध्ये ती कंपनी इतर कंपन्यांसह ए.सी.सी. या मोठ्या कंपनीत सामील झाली. एकाच खडकाने या मुलुखास जुने आणि नवे, दोन्ही साहित्य पुरविले आहे.

दगड आणि चुना दाब सोसतात, पण ताण सोसत नाहीत. लांब दगडी तुळई मधोमध तडकते. म्हणून पूर्वीच्या कारागिरांनी कमान आणि घुमट यांचा आश्रय घेतला, कारण तेथे प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलून भार खाली पोहोचवितो. कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद पाहावी. तिला उघडे प्रांगण नाही. सारी वास्तू लहानमोठ्या घुमटांनी आच्छादिलेली आहे. तेथे आकार हा केवळ शोभेसाठी आलेला नाही, तो द्रव्याच्या स्वभावातून आला आहे.

पुढे लोखंड आले. १८५१ मध्ये लंडन येथे लोखंड व काच यांचा प्रचंड प्रदर्शन-महाल उभारला गेला. १८७१ मध्ये मुंबईचा लोहमार्ग सोलापूर, गुलबर्गा, वाडी या वाटेने रायचूरला पोहोचून मद्रासच्या मार्गास मिळाला. लोखंड ताण सोसते. त्यास कमानीची गरज नाही. तरीही माणसाचे मन ओळखीच्या आकारास सहजासहजी सोडीत नाही. १८८८ मध्ये पूर्ण झालेले मुंबईचे बोरीबंदर स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आगगाडीच्या युगाचे असूनही त्याने मध्ययुगीन ख्रिस्तमंदिराप्रमाणे टोकदार कमानी व दगडी घुमट धारण केला.

आपल्या ख्रिस्तमंदिरांचाही हाच अनुभव आहे. सिमेंटच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घातल्या की काँक्रीट दाब सोसते आणि सळई ताण सोसते. उष्णतेने दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून त्यांचा संसार टिकतो. या युक्तीने पॅरिसमध्ये माँमार्त्र येथे संत योहानाचे मंदिर बांधू लागले, तेव्हा त्याचे सडपातळ खांब पाहून अधिकाऱ्यांस धास्ती वाटली व काम काही वर्षे थांबले. अखेर १९०४ मध्ये ते पूर्ण झाले. पुढे १९२३ मध्ये पॅरिसजवळ रँसी येथे ओग्युस्त पेरे यांनी पवित्र मरियेचे मंदिर उभारले. त्यात काँक्रीटने दगडाचे सोंग घेतले नाही. छताचा भार बारीक खांबांनी उचलला, त्यामुळे भिंती मोकळ्या झाल्या व त्यांच्या जागी रंगीत काच आली.

या इतिहासाचा आपल्या खेड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. धर्मग्रामाचे जुने मंदिर गळू लागले की सभेत दोन सूचना हटकून येतात: ते पाडून स्लॅब टाकावा, किंवा भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा. दोहोंचा नीट विचार व्हावयास हवा. दगड-चुन्याची भिंत ओल शोषते व बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढविला की ओल आत कोंडते, चुना भुसभुशीत होतो आणि काही पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो. जुन्या भिंतीस चुन्याचाच गिलावा मानवतो. उलट, नवीन बांधकामात सिमेंट उत्तम सेवा करते. मात्र सळईवर काँक्रीटचे पुरेसे आच्छादन हवे, नाहीतर ती गंजून फुगते व स्लॅबचे पापुद्रे सुटतात. शिवाय आपल्या कडक उन्हाळ्यात उघडा स्लॅब दुपारभर तापतो आणि सायंकाळच्या प्रार्थनेस बसलेल्यांवर ती उष्णता सोडतो. तेव्हा छप्पर उंच ठेवावे आणि समोरासमोर खिडक्या काढाव्यात.

प्रभू येशूने नव्या द्राक्षारसासाठी नवे बुधले सांगितले, आणि खडकावर घर बांधणाऱ्यास सुज्ञ म्हटले. नव्यास त्याचा योग्य आकार द्यावा आणि जुन्याचा पाया ओळखावा, हे दोन्ही धडे बांधकाम समितीने ध्यानी घ्यावेत. आपल्या आजोबांनी वाहून आणलेला दगड पाडण्यापूर्वी, तो अजून किती भार पेलू शकतो हे जाणत्या गवंड्याकडून एकदा तपासून घ्यावे.