मेट्रोचे मार्गनियोजन व भौगोलिक माहिती प्रणाली : स्थानकाच्या पोहोचक्षेत्राचा प्रश्न

मेट्रोचा मार्ग आखताना भौगोलिक माहिती प्रणालीचा पहिला उपयोग होतो तो अयोग्य जागा वगळण्यासाठी. भूमिउपयोग, उतार, खडकाचे स्वरूप, पूररेषा, संरक्षित वास्तू, रस्त्यांची रुंदी असे स्वतंत्र स्तर एकाच प्रक्षेपणात आणून परस्परांवर ठेवले जातात व प्रत्येक स्तरास भारांक दिला जातो. हा भारांक संगणक ठरवीत नाही. तो नियोजनकर्त्याचा निर्णय असतो. परंतु रंगीत नकाशा समोर आला की याचा बहुधा विसर पडतो.

खरी अडचण स्थानकांच्या जागा ठरविताना येते. प्रस्तावित स्थानकाभोवती ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यातील लोकसंख्या मोजणे ही रूढ पद्धती होय. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ०.७९ चौ. कि.मी. भरते. परंतु माणूस त्रिज्येवरून चालत नाही, रस्त्याने चालतो. रस्ते दाट व काटकोनात छेदणारे असले, तरी तेवढेच अंतर चालून गाठता येणारे क्षेत्र ०.५० चौ. कि.मी., म्हणजे वर्तुळाच्या सुमारे ६४ टक्के इतकेच उरते. मध्ये नदी वा रेल्वेमार्ग आल्यास ते आणखी आक्रसते.

पुण्याच्या वनाज–रामवाडी मार्गावर याचे बोलके उदाहरण आढळते. डेक्कन जिमखाना व छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानके मुठेच्या डाव्या काठालगत आहेत. नारायण व शनिवार या दाट वस्तीच्या पेठा उजव्या काठावर. वर्तुळ नदी सहज ओलांडते आणि पलीकडची घरे मोजणीत येतात. रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर मोजल्यास मात्र प्रत्येक घराची वाट एखाद्या पुलावरूनच न्यावी लागते. त्यातील बाबासाहेब भिडे पूल ठेंगणा आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो. नकाशातील त्याची रेषा मात्र बारमाही अखंड असते. अशा ठिकाणी पावसाळ्याचे व इतर ऋतूंचे पोहोचक्षेत्र स्वतंत्रपणे काढणे आवश्यक ठरते. पेठांना या स्थानकांशी जोडणारे पादचारी पूल हाती घ्यावे लागले, यावरूनही नदीचा हा अडसर लक्षात येतो. पोहोचक्षेत्र मार्ग आखतानाच जाळ्यावरून काढले, तर अशा पुलांची गरज व त्यांचा खर्च मूळ आराखड्यातच दिसू शकतो.

लोकसंख्येच्या स्तराचीही हीच गत आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने २०११ च्या प्रभागनिहाय आकड्यांवर दीर्घकाळ विसंबावे लागले. हे आकडे प्रभागभर समान पसरले आहेत असे गृहीत धरल्यास पर्वतीच्या टेकडीवरील झाडीतही प्रवासी निर्माण होतात! त्याऐवजी उपग्रह प्रतिमांवरून इमारतींचे आराखडे काढून, मजल्यांच्या प्रमाणात लोकसंख्येचे वाटप करता येते. हे काम वेळखाऊ असले तरी त्यासाठी लागणारी आज्ञावली महाविद्यालयीन भूगोल विभागांनाही विनामूल्य उपलब्ध आहे.