ब्युगलकडे परतताना: ओठ काय विसरतात, अंग काय विसरत नाही

(रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत. उपशीर्षकं वाचकांच्या सोयीसाठी.)



आजचा विषय तसा छोटा आहे. शाळेच्या बँड पथकात ब्युगल वाजवलेला माणूस पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा पथकात उभा राहायचं म्हणतो. निमित्त काहीही असेल. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, शाळेचा अमृतमहोत्सव, २६ जानेवारीचं संचलन. कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिहितं, "आपली जुनी रांग पुन्हा उभी करूया." सगळे अंगठे वर करतात. पहिल्या सरावाला मात्र ड्रमवाले पंधरा मिनिटांत रंगात येतात, आणि ब्युगलवाल्यांच्या नळीतून नुसती हवा येते. दुसऱ्या सरावाला त्यातले निम्मे येतच नाहीत. "आता वय झालं" म्हणून मोकळे.

माझं म्हणणं असं की वयाचा यात भाग थोडा आहे. परतायची पद्धत चुकते. ती का चुकते आणि बरोबर पद्धत कोणती, तेवढंच आज बघू.

शिमग्याचा ढोल आणि शाळेचा ब्युगल

परत येऊन वाजवणं आपल्याला नवीन नाही. शिमगा आला की मुंबईचा चाकरमानी गावाकडे निघतो. पूर्वी एसटीने किंवा बोटीने यायचा, १९९८ पासून कोकण रेल्वेने येतो. वर्षभर ऑफिसात खुर्चीवर बसलेला हा माणूस सहाणेवर पोचला की ढोल गळ्यात अडकवतो. हाताला फोड येतात, खांदे भरून येतात, पण ठेका चुकत नाही. त्याला कुणी विचारत नाही, "सराव केलास का?" पालखी नाचते आणि ढोल वाजतो.

हे बघून ब्युगलवाल्याला वाटतं, आपलंही असंच होईल. इथेच फसगत होते.

ढोलाचा आवाज ढोलाच्या चामड्यातून येतो. ते चामडं कुणीतरी ताणून, तापवून तयार ठेवलेलं असतं. वाजवणाऱ्याने आणायची ती लय, आणि लय हा आपल्या मेंदूत फार खोल बसलेला प्रकार आहे. सायकल चालवणं, पोहणं जसं वर्षानुवर्षं टिकतं तसं. ब्युगलचं चामडं मात्र वाजवणाऱ्याच्या तोंडाला असतं. तुमचे ओठ हाच त्या वाद्याचा कंप पावणारा भाग. आणि तो भाग तीस वर्षं कपाटात पडून राहिलेला आहे.

नळीत सूर येतो कुठून

ब्युगलला पडदे नाहीत, भोकं नाहीत, कळ नाही. एक गुंडाळलेली पितळी नळी, एका टोकाला माउथपीस, दुसऱ्या टोकाला कर्णा. नुसती फुंकर मारली तर काहीच वाजत नाही. मिटलेल्या ओठांमधून हवा जाताना ओठ थरथरतात, तो थरथराट नळीतल्या हवेला मिळतो, आणि नळी त्यातून आपल्याला सोयीची कंपनं तेवढी उचलून मोठी करते.

या सोयीच्या कंपनांचं गणित सोपं आहे. नेहमीच्या बी फ्लॅट ब्युगलचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ११७ कंपनांचा. नळी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट आणि सहापट कंपनं मजेत उचलते. म्हणजे साधारण २३३, ३५०, ४६६, ५८३ आणि ७००. आपल्या भाषेत हे सा, प, तार सा, तार ग आणि तार प झाले. बस. संचलनाचे, झेंडावंदनाचे, मानवंदनेचे जवळजवळ सगळे ब्युगल-इशारे या पाच स्वरांत बसवलेले असतात. बोटं काहीच करत नाहीत. सा चा प करायचा तर ओठ थोडे आवळायचे आणि हवेचा वेग वाढवायचा.

आपली तुतारी आणि शिंग हीसुद्धा याच कुळातली. मालगुंड हे केशवसुतांचं गाव इथून जवळच, आणि त्यांची १८९३ सालची 'तुतारी' ही कविता आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण प्रत्यक्ष तुतारी फुंकून बघितलेला माणूस विरळा. ज्याने फुंकली असेल त्याला कळतं की तिथे छातीइतकंच काम ओठांचं आहे.

आता विचार करा. तार सा लावायचा म्हणजे तुमच्या ओठांनी सेकंदाला साडेचारशेच्या वर वेळा उघडझाप करायची. तार प ला सातशे वेळा. तीसुद्धा चालता चालता, डावा पाय-उजवा पाय सांभाळत.

ओठ का दमतात

ओठांभोवती एक गोलाकार स्नायू असतो. शीळ घालताना, मूल पापा घेतं तेव्हा तो आवळतो. गालात दुसरा स्नायू असतो, त्याचं शास्त्रीय नाव बक्सिनेटर. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच मुळी शिंगवाला. रोमन लोकांच्या बुक्किना नावाच्या शिंगावरून तो आला. म्हणजे शरीरशास्त्र लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं की हे काम गालांचं आहे.

हे लहान स्नायू वापरले नाहीत की लवकर सैल पडतात. पण स्वर कसा लावायचा याची आठवण मेंदूत शाबूत असते. परतणाऱ्या वादकाची खरी अडचण ही आहे. अगदी नवा मुलगा तार प लावायला जातच नाही, कारण तो त्याला माहीत नसतो. जुन्या वादकाला तो माहीत असतो, कानात ऐकू येत असतो, आणि ओठ तिथे पोचत नाहीत. मग तो काय करतो? ब्युगल तोंडावर दाबतो.

दाबल्याने क्षणभर स्वर लागतो, हे खरं. पण माउथपीस आणि दात यांच्यामध्ये ओठ चेपला जातो, त्यातलं रक्त हटतं, ओठ बधिर होतो, सुजतो. दहा मिनिटांनी खालचा सासुद्धा लागत नाही. हा प्रकार अति झाला तर ओठाचा स्नायू फाटूही शकतो. त्या दुखापतीला सॅचमो सिंड्रोम म्हणतात. सॅचमो हे लुई आर्मस्ट्राँगचं लाडकं नाव. ट्रम्पेटचा एवढा मोठा बादशहा, पण १९३० च्या दशकात ओठाने दगा दिल्यामुळे त्यालाही काही महिने वाजवणं थांबवावं लागलं होतं. तेव्हा दाबून वाजवणं हा जोर दाखवायचा मार्ग नाही. ते उद्याच्या खात्यातून आज उचल घेणं आहे.

अमेरिकेतली माजी वादकांची पथकं

या प्रश्नाचा मोठ्या प्रमाणावर अनुभव आहे तो अमेरिकेत. तिथे ड्रम कोअर नावाचा प्रकार आहे. ड्रम आणि पितळी वाद्यं एवढ्यावरच उभं असलेलं, मैदानावर आकृत्या करत वाजवणारं पथक. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी अशी पथकं चालवली. पुढे १९७२ मध्ये 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. ही पथकं तरुणांची. बाविशीच्या आसपास वयोमर्यादा संपते आणि वादकाला बाहेर पडावं लागतं. कितीही चांगला असला तरी.

मग या बाहेर पडलेल्यांचं काय? त्यांच्यातून माजी वादकांची पथकं उभी राहिली. मॅडिसन स्काउट्स हे १९३८ साली सुरू झालेलं जुनं पथक. २००६ मध्ये अंतिम स्पर्धा त्यांच्याच गावात होती, तेव्हा त्यांच्या माजी वादकांचं पथक मैदानात उतरलं. अशा पथकांपुढे आणखी एक अडचण असते, वाद्यच बदललेलं असतं. जुन्या पिढीने जी स्वरातले ब्युगल वाजवले होते. २००० सालापासून स्पर्धेत इतर स्वरांची वाद्यंही चालू लागली आणि पथकं बी फ्लॅटकडे वळली. म्हणजे ओठ नव्याने घडवायचेच, वर हातात नेहमीची नळीही नाही.

त्यांच्याकडून आपण घ्यायचं ते एवढंच, की कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात जमून हे होत नाही.

दसऱ्यापासून प्रजासत्ताक दिनापर्यंत

२६ जानेवारीला उभं राहायचं असेल तर दसऱ्याला सुरुवात करा. आपण त्या दिवशी अवजारांची पूजा करतोच, तर ब्युगलही कपाटातून बाहेर काढा. पहिलं काम सफाई. वर्षानुवर्षं पडलेल्या नळीत बुरशी आणि हिरवा थर असतो, आणि वाजवताना मोठा श्वास घ्यायचा तो तोंड त्याच्याजवळ असतानाच. कोमट पाणी, साधा साबण, लवचीक ब्रश. बाहेरून चकाकी आणायला चिंच लावायची आपली सवय आहे, पण माउथपीसला आणि नळीच्या आत काही राहू देऊ नका.

पहिले दोन आठवडे फक्त माउथपीस. ओठांचा बझ करायचा, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. घरच्यांना त्रास होईल, तेवढा सहन करायला सांगा.

पुढचा महिनाभर खालचे दोन स्वर, सा आणि प. लांब आणि हळू आवाजात. हळू हे महत्त्वाचं. मोठा आवाज दाबूनही काढता येतो, हळू आवाज दाबून निघत नाही. म्हणून हळू वाजवणं ही ओठांची खरी परीक्षा. जेवढा वेळ वाजवाल तेवढाच वेळ विश्रांती घ्या. ओठ बधिर वाटले की त्या दिवशी थांबायचं, "अजून एकदा" नाही.

तिसऱ्या महिन्यात सा वरून प, प वरून तार सा, जीभ न लावता घसरत जायचं. शेवटच्या महिन्यात चालणं. आधी ब्युगलशिवाय, फक्त पावलांवर श्वास मोजत. मग ब्युगलसकट.

एक गोष्ट इथल्या हवेची. जानेवारीत रत्नागिरीत पहाटे गारवा असतो आणि दुपारी ऊन चटकतं. दहा अंशांचा फरक सहज पडतो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि पितळी नळीचा स्वर चढतो. दहा अंशांना अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या भागाइतका. सकाळी जुळलेली रांग दुपारी एकमेकांशी भांडते ती यामुळे, विशेषतः काही जण उन्हात आणि काही जण सावलीत असतील तर. सगळ्यांनी एकाच जागी, एकदम वाद्यं गरम करून घ्या.

रांगेत उभं कुठे राहायचं

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. माजी विद्यार्थी परततात तेव्हा आजी विद्यार्थीही त्या रांगेत असतात. मोठ्यांची साहजिक इच्छा असते की वरचा स्वर आपण लावावा. लोक तोच ऐकतात, टाळी त्यालाच पडते. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे ओठ रोजच्या सरावात असतात. तार ग आणि तार प त्याला द्या. तुम्ही सा आणि प धरा.

यात कमीपणा नाही. खालचा स्वर भक्कम असला की वरच्याला तो सापडतो. सा डळमळला की वरचे सगळे हवेत. मोठ्या माणसाकडे श्वास लांब असतो, घाई कमी असते, ठेक्यात टिकून राहण्याची सवय असते. ते सगळं तळाच्या स्वरात कामाला येतं. शिवाय शेजारी उभ्या असलेल्या मुलाला श्वास कुठे घ्यायचा, मान कशी ठेवायची, दमल्यावर दोन मात्रा गाळून पुन्हा कसं यायचं, हे न सांगता कळतं.

नाहीतर काय होतं ते तुम्हीही बघितलं असेल. मोठे येतात, पुढे उभे राहतात, एक दिवस वाजवतात, ओठ सुजवून घेतात आणि जातात. मुलं त्या दिवशी मागे ढकललेली असतात. पुढच्या वर्षी मोठे नाहीत आणि मुलांचाही उत्साह नाही. ब्युगल पुन्हा कपाटात. ढोल-ताशाला आज वाजवणाऱ्यांची वाण नाही. पण ब्युगल एका पिढीने पुढच्या पिढीला शेजारी उभं राहूनच द्यावा लागतो, कारण ओठांच्या आत काय चाललं आहे ते बाहेरून दिसत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*पुढचा दात पडला आहे. वाजवता येईल का?*

माउथपीस ओठांवर, आणि ओठ पुढच्या दातांवर टेकतात. त्यामुळे दाताची जागा बदलली तरी ओठांची बैठक बदलते. नवा दात बसवल्यावर थोडं थांबा, दाताच्या डॉक्टरांना "मी ब्युगल वाजवतो" असं स्पष्ट सांगा, आणि मग अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. बऱ्याच जणांना जमतं.

*रक्तदाबाची गोळी चालू आहे.*

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वरचे स्वर जोरात वाजवताना छातीतला आणि डोळ्यांतलाही दाब वाढतो. काचबिंदू किंवा हर्निया असलेल्यांनीही आधी विचारावं. आणि ड्रमच्या रांगेपुढे उभं राहणार असाल तर कानात बोळे घाला. यात लाजण्यासारखं काही नाही.

*तीन महिने करूनही तार सा लागला नाही तर?*

तर सा आणि प वाजवा. रांगेला ते दोन स्वर लागतातच. आणि पुढचा दसरा आहेच.