गोचीड नुसती उपटून भागत नाही

महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांवर पावसाळा सरताना गुराच्या कानात, कासेभोवती, शेपटीच्या मुळाशी हात फिरवून पाहा. एरंडीच्या बीएवढ्या टपोऱ्या, राखाडी गोचिडी हाताला लागतील. त्या रक्त पिऊन तट्ट फुगलेल्या माद्या. आपण त्या उपटतो आणि तिथेच गोठ्यात टाकतो, आणि घात होतो तो इथेच. पोट भरलेल्या मादीला गुराची गरजच उरलेली नसते. ती आपणहून गळून पडते, भिंतीची भेग किंवा गव्हाणीखालची सांद गाठते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते.

अंड्यांतून सहा पायांच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अळ्या निघतात. गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय उचलून त्या दबा धरून बसतात. गुराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब त्यांना त्याच पायांनी कळते. गाईंवर सर्रास आढळणारी ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही जात एकदा चढली की उतरत नाही. दोनदा कात टाकून प्रौढ होणं, मीलन, रक्त पिणं, सगळं एकाच जनावरावर साधारण तीन आठवड्यांत उरकतं.

मग ही जात एका गाईचा रोग दुसरीला कसा देते? थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी अमेरिकेत १८९३ साली याचा उलगडा केला. लघवी लाल करणाऱ्या बॅबेसियाचे जंतू मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतात. किड्यांमार्फत सस्तन प्राण्यांना रोग होतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा. डासांतून मलेरिया पसरतो हे त्यानंतर कळलं! हायलोमा जातीची गोचीड मात्र मध्येच उतरते, जमिनीवर कात टाकते आणि नव्या जनावरावर चढते. थायलेरिया पसरतो तो तिच्यामुळे. गाठी सुजून ताप चढतो आणि संकरित गाई देशी गुरांपेक्षा लवकर खचतात.

म्हणून पशुवैद्यकाने सांगितलेलं औषध गुराबरोबर गोठ्याच्या भेगांतही फवारायला हवं, आणि नव्याने चढलेल्या गोचिडी गळून पडण्याआधी पुन्हा. अंदाजाने पातळ केलेल्या औषधातून ज्या वाचतात, त्यांची पिल्लं त्या औषधाला दाद देत नाहीत. दूध किती दिवस वापरायचं नाही, तेही विचारून घ्यावं. उपटलेल्या गोचिडींसाठी गोठ्यात रॉकेलचा डबा ठेवावा.