झाडीपट्टीचे ताट आणि मनाची उभारी

वैनगंगेच्या दोन तीरांवर पसरलेल्या, झाडीपट्टीत मोडणाऱ्या चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा आहार एकसारखा नाही. वरोरा, भद्रावती आणि राजुऱ्याच्या काळ्या मातीत ज्वारी व तूर पिकते, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि मूलच्या बांध्यांमध्ये धान होते, तर भामरागड-एटापल्लीकडील माडिया वस्त्यांत भाताच्या जोडीला कोसरी, रानभाज्या, मासे आणि मोहफुले यांना स्थान असते. अन्नाचा मनाच्या स्थितीशी काही संबंध आहे का, आणि उदास मनासाठी बाजारात मिळणाऱ्या अमिनो आम्लांच्या गोळ्या व पावडरी उपयोगी पडतात का, हे प्रश्न आज मोठ्या शहरांत विचारले जात असले तरी त्यांची उत्तरे शोधताना या दोन जिल्ह्यांच्या ताटाकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते, कारण अन्नातील अमिनो आम्लांचा मज्जासंस्थेवर होणारा परिणाम ज्या धान्यांमुळे भारतात अभ्यासला गेला, त्यांपैकी ज्वारी आणि लाखोळीची डाळ ही दोन्ही या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली आहेत.

प्रथिने ही अमिनो आम्ल नावाच्या लहान घटकांच्या लांब साखळ्यांनी बनलेली असतात. शरीरातील प्रथिनांसाठी अशी 20 अमिनो आम्ले लागतात आणि त्यांपैकी 9 प्रौढ माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नसल्यामुळे ती अन्नातूनच मिळवावी लागतात. या आवश्यक अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन हे रसायन तयार होते आणि झोप, भूक व भावस्थिती यांच्या नियमनात त्याचा भाग असतो. टायरोसीन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही सावधपणा व उत्साहाशी निगडित रसायने बनतात. येथपर्यंतचे विज्ञान पक्के आहे. मात्र कच्चा माल वाढवला की उत्पादन वाढेल आणि उत्पादन वाढले की मन प्रसन्न होईल, हा जो पुढचा तर्क जाहिराती करतात, तो मेंदूची रचना लक्षात घेतल्यावर तसाच उभा राहत नाही.

रक्तातील ट्रिप्टोफॅन मेंदूत सरळ शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधील आवरणातून त्याला पलीकडे नेणारे वाहक मर्यादित असतात, आणि ल्युसीन, व्हॅलिन, टायरोसीन यांसारखी इतर मोठी अमिनो आम्लेही त्याच वाहकांवर अवलंबून असतात. पुराच्या दिवसांत इंद्रावती ओलांडण्यासाठी एकाच डोंग्यावर अनेक गावांचे लोक थांबलेले असावेत, तशी ही स्पर्धा असते. प्रथिने भरपूर असलेल्या जेवणात ट्रिप्टोफॅन इतरांच्या तुलनेत कमी असल्यामुळे असे जेवण घेतल्यावर मेंदूकडे जाणारा त्याचा वाटा वाढतोच असे नाही. उलट पिष्टमय पदार्थांमुळे स्रवणारे इन्सुलिन स्पर्धक अमिनो आम्लांना स्नायूंकडे वळवते आणि ट्रिप्टोफॅनची वाट काहीशी मोकळी होते. त्यामुळे एखाद्या अमिनो आम्लाची एकूण मात्रा किती आहे यापेक्षा इतरांशी त्याचे प्रमाण काय आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या प्रमाणाचे महत्त्व दख्खनमधील ज्वारीच्या अभ्यासातून पुढे आले. त्वचा काळवंडून सोलली जाणे, जुलाब आणि मानसिक बिघाड ही लक्षणे असलेला पेलाग्रा हा रोग जगभर प्रामुख्याने मका खाणाऱ्यांचा रोग मानला जात होता. हैदराबादच्या संस्थेत, जी पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली गेली, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांना तो ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये आढळला. पेलाग्रा नायसिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, शरीर साधारण 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून 1 मिलिग्रॅम नायसिन बनवू शकते, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅनची मक्याइतकी टंचाई नसते; मग ज्वारी खाणाऱ्यांना हा रोग का व्हावा, असे कोडे त्यांच्यापुढे होते. 1960 मध्ये त्यांनी असे मत मांडले की ज्वारीत ल्युसीन फार असते आणि त्यामुळे ट्रिप्टोफॅन व नायसिन यांचा शरीरातील व्यवहार बिघडतो. या मतावर पुढे बराच वाद झाला आणि सर्व प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही. तरीही या रोग्यांमध्ये दिसणारी खिन्नता, चिडचिड आणि निद्रानाश ही लक्षणे अन्नाच्या त्रुटीशी जोडली गेली आणि आहार व उपचार मिळाल्यावर ती मागे हटत, ही गोष्ट निर्विवाद राहिली. ज्वारी हे उत्तम धान्य आहे आणि डाळ, भाजी, ताक किंवा दूध यांच्यासोबत खाल्ली असता तिच्यापासून भय नाही. हा रोग भाकरीशिवाय दुसरे काहीच न मिळणाऱ्या माणसाला होत असे.

लाखोळीची कथा याहून गंभीर आहे. धान कापणीला येण्याच्या सुमारास बांधीतील ओलीवर बी फेकून घेतले जाणारे हे पीक नांगरणी मागत नाही, दुष्काळात तग धरते आणि त्याच्या दाण्यात प्रथिनेही भरपूर असतात. मात्र त्यात बीटा-ओडॅप नावाचे एक अमिनो आम्ल असते, जे प्रथिनांच्या बांधणीत वापरले जात नाही. ते 1964 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे करून ओळखले. मेंदू आणि मज्जारज्जूत संदेश पोचवणारे ग्लुटामेट हेही एक अमिनो आम्लच आहे, आणि बीटा-ओडॅप त्याची नक्कल करून चेतापेशींना प्रमाणाबाहेर उत्तेजित करते. लाखोळी हेच मुख्य अन्न म्हणून काही महिने खावी लागल्यास पायांतील शक्ती जाऊन कायमचे पंगुत्व येऊ शकते आणि या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. 1961 मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, तरी शेतकरी ती पिकवत आणि खात राहिले. कमी विषारी घटक असलेले रतन, प्रतीक आणि महातिवरा हे वाण पुढे विकसित झाले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास घटकाचे प्रमाण बरेच उतरते, आणि गंधकयुक्त अमिनो आम्ले असलेल्या तृणधान्यांसोबत खाल्ल्यास धोका कमी होतो, असेही अभ्यासांत दिसले. भाताच्या ताटातील वाटीभर लाखोळी आणि भाताच्या जागी आलेली लाखोळी यांतील अंतर, थोडक्यात, आहार आणि आपत्ती यांतील अंतर होते.

आता भातप्रधान ताटाचा हिशेब पाहता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला 4 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन आणि 30 मिलिग्रॅम लायसीन लागते, म्हणजे 55 किलो वजनाच्या स्त्रीला अनुक्रमे 220 आणि 1650 मिलिग्रॅम. दिवसभरात 300 ग्रॅम तांदूळ शिजवून खाल्ला तर त्यातून सुमारे 250 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन मिळते. याचा अर्थ ज्या अमिनो आम्लाच्या गोळ्या विकल्या जातात, त्याची गरज नुसता भातही कागदावर भागवतो. लायसीन मात्र तेवढ्या भातातून 800 मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि एक आवश्यक अमिनो आम्ल अपुरे पडले की बाकीच्यांचाही प्रथिन बांधण्यासाठी पूर्ण उपयोग होत नाही. 50 ग्रॅम तुरीची डाळ त्यात सुमारे 750 मिलिग्रॅमची भर घालते आणि एक अंडे आणखी सुमारे 450 मिलिग्रॅम देते. तेव्हा कोठे हिशेब पुरा होतो. या भागातील पोषणाचा खरा प्रश्न डाळ, अंडे आणि मासे ताटापर्यंत पोचण्याचा आहे, आणि ट्रिप्टोफॅनच्या चर्चेत तो हरवून जातो, हे खेदाने नोंदवावे लागते.

अमिनो आम्ल मिळाले तरी त्याचे रूपांतर करणाऱ्या विकरांना सोबती लागतात. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनवण्याच्या पहिल्या पायरीवर लोह आणि दुसऱ्या पायरीवर जीवनसत्त्व ब-6 आवश्यक असते, तर फोलेट आणि ब-12 यांच्या अभावाने थकवा, विस्मरण आणि खिन्नता येऊ शकते. तांदूळ जितका पांढरा आणि गुळगुळीत करावा, तितकी त्याच्या कोंड्यातील ब गटाची जीवनसत्त्वे गिरणीत राहून जातात. नागभीड तालुक्यातील नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या एचएमटी धानाने या भागाला देशभर नाव मिळवून दिले. तोच तांदूळ कमी पॉलिश करून खाल्ला तर त्याची चव आणि पोषण दोन्ही टिकतात.

गोळ्यांच्या बाजूने असलेला पुरावा तपासताना एक प्रयोग विशेष लक्ष वेधतो. 1997 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नैराश्यातून बऱ्या झालेल्या 15 स्त्रियांना ट्रिप्टोफॅन वगळलेले अमिनो आम्लांचे मिश्रण दिले, तेव्हा त्यांपैकी 10 जणींमध्ये काही तासांसाठी नैराश्याची लक्षणे परतली. ज्यांना पूर्वी नैराश्य नव्हते, अशा निरोगी व्यक्तींमध्ये असा परिणाम फारसा दिसत नाही. म्हणजे अभाव एखाद्या संवेदनशील मनाला ढासळवू शकतो, परंतु त्यावरून अधिकचा पुरवठा मन सावरतो असे सिद्ध होत नाही. ट्रिप्टोफॅन आणि त्यापासून बनणारे 5-एचटीपी यांच्यावरील 108 चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला, तेव्हा विश्वासार्ह म्हणावे अशा केवळ 2 निघाल्या आणि त्यांत मिळून 64 रुग्ण होते; निष्कर्ष अनुकूल असले तरी पुरावा अपुरा ठरला. टायरोसीनची 65 रुग्णांवर केलेली चाचणी 1990 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात त्याचा नैराश्यावर काहीही परिणाम दिसला नाही.

धोक्यांची बाजू याहून स्पष्ट आहे. 1989 मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तीव्र स्नायुदुखीचा आणि रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी वाढण्याचा आजार पसरला, 1500 हून अधिक लोक आजारी पडले आणि किमान 37 जण दगावले. संशय एका उत्पादकाच्या मालातील अशुद्धतेवर गेला. नैराश्याची औषधे चालू असताना 5-एचटीपी किंवा ट्रिप्टोफॅन घेतल्यास शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर, गोंधळ आणि प्रसंगी जिवाला धोका उद्भवू शकतो. पुरेसे अन्न खाणाऱ्याने अशी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करावी, याला कोणताही आधार नाही.

एखादे अमिनो आम्ल औषध म्हणून कधी स्वीकारले जाते, याचेही उदाहरण या जिल्ह्यांच्या जवळचे आहे. येथे मोठ्या प्रमाणात आढळणारा सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्यामुळे, म्हणजे एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीमुळे होतो. 230 रुग्णांवर 48 आठवडे चाललेल्या चाचणीत ग्लुटामिन हे अमिनो आम्ल घेणाऱ्यांमध्ये तीव्र वेदनेच्या प्रसंगांचा मध्यक 3, तर ते न घेणाऱ्यांमध्ये 4 दिसला आणि 2017 मध्ये अमेरिकेने ग्लुटामिनला या आजारासाठी मान्यता दिली. आजार निश्चित, मात्रा निश्चित आणि लाभ मर्यादित पण मोजलेला, अशी ही रीत आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी रक्त कमी आहे म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या घेत राहू नये, हेही येथेच सांगणे आवश्यक आहे.

संपूर्ण आहाराच्या बाजूने आलेला पुरावा अधिक आशादायक आहे. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधक फेलिस जॅका यांच्या चाचणीत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या 67 व्यक्तींपैकी ज्यांना 12 आठवडे भाज्या, कडधान्ये, मासे, सुकामेवा आणि अख्खी धान्ये खाण्यास साहाय्य केले गेले, त्यांच्यात नैराश्यातून मुक्त होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 32 टक्के, तर केवळ सोबत-संवाद मिळालेल्यांत ते 8 टक्के होते. चाचणी लहान होती आणि आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागींना ठाऊक होते, त्यामुळे हा आकडा जपून वापरावा लागतो. तथापि त्या ताटात होते ते बहुतेक सर्व झाडीपट्टीत आहे: मामा (माजी मालगुजारी) तलावांतील मासे, तुरीचे वरण, वालाच्या शेंगा, जवसाची आणि तिळाची चटणी, पावसाळ्यातील तरोट्याची भाजी, वास्ते (बांबूचे कोंब), अंबाडी, चारोळी आणि अंगणातील कोंबडीची अंडी. आदिवासी क्षेत्रांत 2015 पासून राबवल्या जाणाऱ्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत चौरस जेवण आणि लहान मुलांना आठवड्यातून 4 दिवस अंडी देण्याची तरतूद आहे, आणि ती नियमित मिळणे हा येथील मानसिक आरोग्याचाही विषय मानला पाहिजे.

दारू मात्र या सर्वावर पाणी फिरवते. ती झोप मोडते, फोलेट आणि ब-1 यांचा साठा रिकामा करते आणि डाळ-अंड्याचे पैसे खाते. गडचिरोलीतील स्त्रियांनी आणि कार्यकर्त्यांनी 1993 मध्ये मिळवलेली दारूबंदी ही या अर्थाने पोषणाचीही चळवळ होती.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कामातील रस गेला, झोप व भूक हरपली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर समुपदेशन व औषधे यांचा उपयोग होतो. आहार हा त्या उपचाराचा सोबती आहे, पर्याय नाही. अशा वेळी घरच्यांनी पावडरीचा डबा आणण्याऐवजी रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब-12 यांची तपासणी करून घ्यावी, त्याच्या ताटात रोज वाटीभर घट्ट वरण वाढावे आणि रात्री-अपरात्री आधार लागल्यास शासनाच्या टेलीमानस सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर विनासंकोच बोलावे.