कर्णधार वॉरेल

वेस्ट इंडीज हा एक देश नव्हे, असे सांगितले की आमच्या विद्यार्थ्यांना नवल वाटते. समुद्राने विलग केलेली बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील गयाना मिळून हा संघ होतो. प्रत्येक बेटाचा अभिमान वेगळा आणि परस्परांविषयीची असूयाही जुनीच. ही मंडळी मैदानावर खऱ्या अर्थाने एक झाली ती फ्रँक वॉरेल यांच्या नेतृत्वाखाली, असे आम्हांस वाटते.

वॉरेल यांचा जन्म १ ऑगस्ट १९२४ रोजी बार्बाडोस येथे झाला. वीकस, वॉलकॉट व वॉरेल ही ‘तीन डब्ल्यूं’ची त्रयी त्याच चिमुकल्या बेटावर, अवघ्या दीड वर्षाच्या अवधीत जन्मली! १९५० साली ट्रेंट ब्रिज येथे वॉरेल यांनी इंग्लंडविरुद्ध २६१ धावा काढल्या. एकंदर ५१ कसोटींत ३,८६० धावा आणि ६९ बळी ही त्यांची कमाई. परंतु त्यांचे मोठेपण या आकड्यांत मावणारे नाही.

संघात कृष्णवर्णीय खेळाडूंचा भरणा असला, तरी नेतृत्व गोऱ्यांकडेच राहावयाचे, असा तेथील दंडक होता. १९४८ साली जॉर्ज हेडली यांना एका कसोटीपुरता तो मान लाभला, इतकेच. त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी आपल्या पत्रातून या अन्यायावर कोरडे ओढले. अखेर १९६० साली संपूर्ण मालिकेसाठी वॉरेल यांची निवड झाली, तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती.

ऑस्ट्रेलियातील त्या मालिकेची पहिलीच कसोटी, डिसेंबर १९६० मधील ब्रिस्बेनची, ‘टाय’ झाली. कसोटीच्या इतिहासातील अशी ती पहिली. आठ चेंडूंचे अखेरचे षटक, जिंकावयास सहा धावा, हाती तीन गडी. वेस्ली हॉलच्या त्या षटकात तिन्ही गडी गेले. शेवटी सॉलोमनने बाजूने केवळ एक यष्टी दिसत असता अचूक चेंडूफेक करून मेकिफला धावबाद केले. मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ अशी जिंकली. तथापि पराभूत पाहुण्यांना निरोप देण्यासाठी मेलबर्नचे रस्ते माणसांनी फुलून गेले. जेत्यांच्या वाट्यालाही असा निरोप क्वचितच येतो.

आपणां भारतीयांना मात्र वॉरेल स्मरतात ते मार्च १९६२ मुळे. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळून कवटीस गंभीर इजा झाली. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे होते. ते देणाऱ्यांत आपले पॉली उम्रीगर होते, बापू नाडकर्णी होते, त्या काळी बडोद्याकडून रणजी खेळणारे चंदू बोर्डे होते आणि प्रतिपक्षाचे कर्णधार वॉरेलही होते. ती मालिका त्यांनी आपल्याविरुद्ध ५-० अशी जिंकली, हेही येथे नमूद केले पाहिजे. मैदानावर त्यांनी दयामाया दाखविली नाही. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुन्हा प्रथम दर्जाचे क्रिकेटही खेळले. कसोटी मात्र त्यांच्या वाट्यास पुन्हा आली नाही.

१९६४ साली वॉरेल ‘सर’ झाले. १३ मार्च १९६७ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, जमैकात ते निवर्तले. व्याधी होती रक्ताच्या कर्करोगाची. बंगालच्या क्रिकेट संघटनेने पुढे ३ फेब्रुवारी हा दिवस त्यांच्या नावे रक्तदानासाठी राखून ठेवला.